आठ जणांची एक शवपेटी : क्वालालंपूर, १८ ऑक्टोबर २०१२

दुसरं महायुद्ध कधी संपलं असं विचारलं, तर आपल्याकडे बहुतेक जण १५ ऑगस्ट १९४५ सांगतील. जपानच्या सम्राटाचं शरणागतीचं भाषण त्या दिवशी रेडिओवरून झालं, एवढं खरं. पण कागदावर सह्या झाल्या २ सप्टेंबरला, टोकियोच्या उपसागरात. आग्नेय आशियातल्या जपानी फौजांनी सिंगापुरात रीतसर शस्त्रं खाली ठेवली ती १२ सप्टेंबरला. या मधल्या चार आठवड्यांकडे इतिहासाच्या पुस्तकांत फारसं कुणी बघत नाही. मी ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती आठ माणसं त्याच मधल्या काळात गेली आणि त्यांची अंत्ययात्रा निघाली ६७ वर्षांनी.

२३ ऑगस्ट १९४५ रोजी ब्रिटिश हवाईदलाचं लिबरेटर जातीचं एक चार इंजिनांचं बॉम्बर हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवरून उडालं. विमानाचा क्रमांक केएल ६५४, स्क्वाड्रन ३५६. मलायाच्या जंगलात उतरवलेल्या फोर्स १३६ या गुप्त दलासाठी सामान टाकून परत यायचं, एवढंच काम. विमान परतलं नाही.

ही स्क्वाड्रन तशी आपल्याच मातीतली म्हणायला हवी. जानेवारी १९४४ मध्ये ती उभी राहिली ती बंगालात, मेदिनीपूर जिल्ह्यातल्या सालबनीला. (हेच सालबनी आज रिझर्व्ह बँकेच्या नोटांच्या छापखान्यासाठी ओळखलं जातं.) तिथून ब्रह्मदेशावर हल्ले होत. मलाया, सिंगापूर मात्र बंगालातून फार लांब पडे, म्हणून १९४५ मध्ये कोकोसच्या पश्चिम बेटावर नारळाची झाडं तोडून, लोखंडी जाळ्या अंथरून धावपट्टी तयार केली गेली आणि जुलैत स्क्वाड्रन तिकडे हलली. कोकोस ते मलाया अंतर सुमारे १,८०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन साडेतीन हजारांच्या वर, आणि त्यातला बहुतेक प्रवास उघड्या समुद्रावरून.

पण जपान शरण आल्यावर हे उड्डाण कशाला? मला इथे खरी मेख दिसते. जनरल मॅकआर्थरचा हुकूम होता की टोकियोत सह्या होईपर्यंत दुसऱ्या कुठल्याही सेनापतीने जपानच्या ताब्यातल्या प्रदेशात फौज उतरवायची नाही. माउंटबॅटनच्या फौजा त्यामुळे अडकून पडल्या. मलायात जपानी सैन्य जागच्या जागी, हत्यारबंद. जंगलात फोर्स १३६ चे अधिकारी आणि त्यांच्याबरोबरचे गनिमी सैनिक. त्यांना अन्न, औषधं, सूचना पोचवायच्या तर विमानाशिवाय दुसरा मार्गच नव्हता. थोडक्यात, सह्यांची वाट बघण्याच्या त्या दिवसांची किंमत या आठ जणांनी मोजली. अपघात का झाला यावर तर्क करण्यात मला रस नाही. ढगांत झाकलेले डोंगर, खाली घनदाट रान, आणि सामान टाकायचं तर विमान खाली आणावंच लागतं.

घरच्यांना काय कळलं असेल? त्या काळची रीत अशी की आधी ‘बेपत्ता’ म्हणून तार यायची, मग काही महिन्यांनी ‘मृत समजण्यात येत आहे’ असं पत्र. या ‘समजण्यात येत आहे’मध्ये किती घरं आयुष्यभर अडकून राहिली असतील! शेजारीपाजारी विजयाचे दिवे लागलेले असताना तर आणखीच.

विमान पडलं होतं आजच्या मलेशियातल्या नेगेरी सेंबिलान राज्यात, डोंगरावरच्या रानात. त्याचे अवशेष १९९० च्या दशकात उजेडात आले. २००९ मध्ये मलेशियाच्या लष्कराने आणि तिथल्या हौशी इतिहास-संशोधकांनी मिळून ती जागा खोदली. हौशी संशोधक म्हणजे तुमच्या-आमच्यासारखीच माणसं, सुट्टीच्या दिवशी पदरमोड करून रानात हिंडणारी. हाडं थोडीच मिळाली. कुठलं कुणाचं हे सांगता येण्याजोगं काही उरलं नव्हतं. म्हणून १८ ऑक्टोबर २०१२ रोजी क्वालालंपूरच्या चेरस रोडवरच्या लष्करी दफनभूमीत आठही जणांना एकाच शवपेटीतून पूर्ण लष्करी इतमामात निरोप देण्यात आला. इंग्लंडहून आलेले नातेवाईक हजर होते. त्यांतल्या बऱ्याच जणांनी त्या माणसाला कधी पाहिलेलंच नसणार. भाचे, पुतणे, नातवंडं.

ब्रिटिशांनी त्यांना घरी का नेलं नाही, असा प्रश्न आपल्याला पडतो. १९१५ पासून त्यांचा दंडकच आहे की जागतिक युद्धातला सैनिक ज्या देशात पडला तिथेच त्याची कबर. श्रीमंताच्या मुलाचा देह घरी आणि गरिबाचा परक्या मुलखात, असं होऊ नये हा त्यामागचा विचार. अधिकारी असो की साधा शिपाई, दगड एकाच मापाचा. विमानाच्या चमूची हाडं वेगळी करता आली नाहीत तर सामायिक कबर करतात. कुठल्याही युद्ध-दफनभूमीत गेलात आणि काही दगड एकमेकांना खेटून उभे दिसले, तर बहुतेक वेळा ती अशी एकत्र गेलेली माणसं असतात.

अमेरिकनांचं धोरण अगदी उलट, आणि त्याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. ‘हॉट ॲज हेल’ नावाचं त्यांचं लिबरेटर २५ जानेवारी १९४४ रोजी कुनमिंगहून आसामकडे येताना आजच्या अरुणाचलात पडलं. त्यातही आठ जण. २००६ मध्ये क्लेटन कूल्स या अमेरिकन शोधकाने स्थानिकांच्या मदतीने दामरोह गावाजवळ ते गाठलं. चीनची सीमा जवळ, त्यामुळे परवानग्यांचं घोंगडं काही वर्षं भिजत पडलं आणि नातेवाईक पत्रांवर पत्रं लिहीत राहिले. अखेर २०१५ मध्ये खोदकाम झालं आणि एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीत मानवंदना देऊन अवशेष अमेरिकेला गेले. प्रयोगशाळेत लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख पटली आणि जून २०१७ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या त्यांच्या गावी त्यांचं दफन झालं. एकेका हाडाला नाव मिळेपर्यंत थांबायचं, अशी ही पद्धत. मला स्वतःला क्वालालंपूरची पद्धत जवळची वाटते. जे एकत्र उडाले, एकत्र पडले, त्यांना पुन्हा वेगळं कशाला करायचं? पण हे मी इथे बसून लिहितोय. ज्यांच्या घरचा माणूस गेला ते कदाचित वेगळं म्हणतील.

आपल्याकडे देह सापडला नाही तर पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिलाच अग्नी द्यायचा पालाशविधी शास्त्राने सांगून ठेवलाय. म्हणजे काहीतरी हाती हवं, ही गरज जुनीच. महायुद्धात देह न सापडलेल्यांच्या बाबतीत ब्रिटिशांनी त्याजागी नाव कोरलं. सिंगापूरच्या क्रांजी इथलं स्मारक त्यासाठीच आहे. वरून विमानाच्या पंखासारखं दिसणारं, आणि त्यावर २४,००० हून अधिक नावं. त्यांत भारतीय सैनिक मोठ्या संख्येने आहेत. ज्यांचं दहन झालं अशा सुमारे ८०० जणांसाठी तिथेच वेगळं स्मारक आहे. त्यातही बहुतेक भारतीयच. आपले यशवंत घाडगे घ्या. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला पुतळा उभा राहिला, पण १९४४ मध्ये इटलीत पडलेल्या या वीराची कबर कुठेच नाही, नाव तेवढं कॅसिनोच्या स्मारकावर आहे.

मलायाशी आमच्या बेळगावचाही धागा आहे. मॅकआर्थरची अट संपल्यावर ९ सप्टेंबरपासून मोरिब आणि पोर्ट डिक्सनच्या किनाऱ्यावर २५वी आणि २३वी भारतीय डिव्हिजन उतरू लागली. पोर्ट डिक्सन हे नेगेरी सेंबिलानमध्येच, म्हणजे ज्या राज्याच्या रानात केएल ६५४ दोन-अडीच आठवड्यांपूर्वी पडलं होतं तिथेच. या २३व्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण होती. पुढे ती जावात गेली आणि सुराबायाच्या लढाईत तिची बरीच माणसं कामी आली.

ती नावं शोधायची असतील तर एक सूचना. राष्ट्रकुल युद्ध-कबर आयोगाची यादी इंटरनेटवर खुली आहे, पण ‘मराठा’ टाकून फारसं हाती लागत नाही. तेव्हाच्या इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे ‘महरट्टा’ असं टाकावं. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. गावांची स्पेलिंगं इतकी वेडीवाकडी की मोठ्याने वाचल्याशिवाय लागत नाहीत. बेळगाव, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर यांपासून सुरुवात करावी.