नासलेली सुरा

वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म; वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. मोहाच्या फुलांचा सडवा घालून दारू गाळण्याची रीत या बाजूस जुनी आहे, आणि सडवा बिघडण्याची भीतिही तितकीच जुनी.

बिघडलेल्या मद्याचें काय करावें, याचा विचार कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या प्रकरणीं आढळतो. गृहस्थाला मंगलकार्यीं श्वेतसुरा व औषधासाठीं अरिष्ट घरीं करण्याची मुभा आहे. दुष्ट सुरा मात्र अन्यत्र विकावी, दासांना व मजुरांना वेतनादाखल द्यावी, अथवा वाहनाच्या जनावरांना पाजावी किंवा डुकरांना घालावी, असें विधान आहे. मजुराचें वेतन आणि डुकराचें खाद्य एकाच पंक्तीस बसावें, हें वाचून मन विषण्ण होतें.

शार्ङ्गधरसंहितेची दृष्टि निराळी. आंबून विनष्ट झालेल्या मद्याला ती 'चुक्र' म्हणते व औषधींत त्याला स्थान देते. पुढें १८७६ सालीं लुई पाश्चरनें बिअरवरील आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, परकीय सूक्ष्म जंतूंचा शिरकाव झाला म्हणजे बिअर बिघडते. दोष अशा जंतूंचा. त्याचा भार मात्र शास्त्रकारानें मजुराच्या पदरांत टाकला होता.