सुतकातली पोथी

घरातले माणूस गेले की गोव्यातल्या डिचोलीकडच्या गावांत संध्याकाळी वसरीवर चटई पसरतात. समईच्या उजेडात पाटावर पोथी ठेवलेली असते, आणि वाचायला गावातलेच कोणीतरी बसते. कुठे भटजी, कुठे निवृत्त मास्तर. दिवसभराचे बोलणे सगळे कोकणीतले, पण पोथी उघडली की भाषा मराठी होते. शेजारीपाजारी येतात, ऐकतात, अध्याय संपला की ‘येतो’ असेही न म्हणता उठतात, कारण सुतकाच्या घरातून निरोप घ्यायचा नसतो. नार्व्यासारख्या गावात दुःखावरचे पुस्तक वाचतात ते असे, चारचौघांत आणि मोठ्याने.

ही पोथी गरुडपुराणाची. पण बहुतेक घरांत अख्खे पुराण नसते. राजस्थानातल्या झुंझुनूच्या नौनिधिरामांनी त्यातून काढलेला 16 अध्यायांचा ‘सारोद्धार’ किंवा त्यावर बेतलेली मराठी पोथी असते. गरुड विचारतो आणि विष्णू सांगतो. सुरुवातीचे अध्याय अंगावर काटा आणणारे: 86,000 योजनांचा यममार्ग, वैतरणी, नरकयातना. पण याच भीतीच्या मधोमध दहा पिंडांचा हिशेब येतो. पहिल्या दिवशीच्या पिंडाने गेलेल्याचे मस्तक घडते, दुसऱ्याने मान आणि खांदे, तिसऱ्याने हृदय, चौथ्याने पाठ. असे करत नवव्या दिवसापर्यंत पाय होतात आणि दहाव्याला त्या देहाला तहानभूक लागते. बाप गेलेल्या मुलाच्या जागी बसून हे ऐकावे. त्याला वाटत असते की आता आपल्या हातात काहीच उरले नाही. पोथी त्याला रोज एक काम देते, तेही बापासाठीच. काल खांदे झाले, आज हृदय. दुःखाचे दिवस मोजता येतात हे त्याला दहा दिवसांत कळते. शेवटचा सोळावा अध्याय मोक्षाचा आहे. ज्याने ही मांडणी केली त्याला शोक करणाऱ्याचे मन नीट माहीत होते, असे मला ठामपणे वाटते.

नार्व्यात ही चटई सहजासहजी टिकलेली नाही. नार्वे मांडवीच्या दोन्ही तीरांवर आहे. दिवाडी बेटावरच्या जुन्या नार्व्यात कदंब राजांचे दैवत सप्तकोटेश्वर होते. 1510 मध्ये दिवाडीसह तिसवाडी पोर्तुगीजांच्या हाती गेली, 1540 पासून देवळे पाडण्याचे सत्र सुरू झाले आणि देवाचे लिंग भक्तांनी नदीपलीकडे आदिलशाही मुलखात, आजच्या डिचोलीतल्या नार्व्यात आणले. तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करवला. देवळांबरोबर पोथ्यांवरही गदा आली होती. एका ब्राह्मणाच्या घरातून व्यासांचे ग्रंथ पळवून आणल्याचा उल्लेख सोळाव्या शतकातल्या जेझुइट पत्रांत आहे. त्या काळी रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या मराठी-कोकणी कथांच्या वह्या आज पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरात आहेत.

पोथ्या गेल्या तरी ऐकण्याची सवय गेली नाही. फादर थॉमस स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या सुरुवातीला हे स्पष्ट दिसते. नवे ख्रिस्ती त्याला सांगतात की आमची पुराणे बंद केलीत, आता त्यांच्या जागी ऐकायला काहीतरी द्या. 1616 मध्ये सुमारे 11,000 मराठी ओव्यांचे हे पुराण रायतूरला रोमन लिपीत छापले गेले आणि चर्चमध्ये ते वाचले जाऊ लागले. धर्म बदलला, तरी ओवी ऐकायची रीत सुटली नाही. डिचोली पोर्तुगीजांकडे कायमची गेली ती थेट 1780 च्या दशकात. तोवर बहुतेक काळ पलीकडच्या नार्व्यातले वाचन त्यांच्या हुकमतीबाहेर होते.

ग्रंथांनी मनाचा उपचार करण्याला अमेरिकेत नाव मिळाले ते ‘क्रिस्तपुराणा’नंतर बरोबर 300 वर्षांनी, 1916 मध्ये, सॅम्युएल क्रॉथर्स यांच्या ‘अटलांटिक मंथली’तल्या लेखात. त्याच्याही पुढची गोष्ट पुन्हा गोव्यातली आहे. इथल्या ‘संगत’ संस्थेचे डॉ. विक्रम पटेल यांनी 2003 मध्ये, जिथे मनोविकारतज्ज्ञ नाही तिथल्या आरोग्यसेवकांसाठी एक पुस्तक लिहिले. पुढे गोव्यातल्या 24 दवाखान्यांमध्ये झालेल्या ‘मानस’ चाचणीत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांशी बसून संवाद साधला. सरकारी दवाखान्यांतल्या रुग्णांना त्याचा फायदा झाला, आणि 2010 मध्ये ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. ओळखीच्या भाषेत बोलणारे माणूस शेजारी येऊन बसले की फरक पडतो, हे वसरीवरच्या चटईला आधीपासून ठाऊक होते.

मात्र पोथीची भलामण आंधळेपणाने करू नये. ज्या घरात कोणी जीव दिला आहे, तिथे अपमृत्यूची गती आणि नरकांची वर्णने मोठ्याने वाचणे म्हणजे जखमेवर मीठ आहे. आईने तिथे काय ऐकायचे? लहान मुलेही वसरीवरच बसलेली असतात, हे वाचणाऱ्याने विसरू नये. अशा वेळी सोळावा अध्याय घ्यावा, नाहीतर ज्ञानेश्वरीतला दुसरा. पोथी बदलली तरी चालेल, माणसे येणे थांबू नये. आता शहरातल्या फ्लॅटमध्ये तीन दिवसांत सारे उरकतात आणि मागे राहिलेली बाई रात्री एकटीच दुःखावरचे एखादे चांगले पुस्तक वाचत बसते. पुस्तक चांगले असेलही. तिच्या शेजारी बसून त्यातली दोन पाने कोणी वाचून दाखवली तर ते अधिक लागू पडेल.

तुमच्या वाड्यावर असे घर असेल तर बाराव्यानंतरही जात राहा. पुष्कळ आठवडे लोटूनही झोप-जेवण परतले नाही, किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा ऐकू आली, तर बांबोळीच्या मनोरुग्णालयात त्यांना सोबत घेऊन जा, किंवा 14416 या सरकारी ‘टेलि-मानस’ क्रमांकावर फोन लावून द्या. तो फोन कोणत्याही वेळी लागतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.