रुमानियाची अनाथालये : आलेले हात आणि राहिलेले हात

सन १९८९च्या नाताळच्या दिवशी रुमानियाचा हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कु आणि त्याची पत्नी एलेना यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. दीर्घकाळ बंद असलेली त्या देशाची दारे उघडली आणि परदेशी वार्ताहर आत शिरले. पुढील काही महिन्यांत त्यांनी जगापुढे जी चित्रे आणली, ती पाहून युरोपातील घराघरांत माणसे सुन्न झाली. लोखंडी पाळण्यांत दोन-दोन, तीन-तीन करून ठेवलेली, डोकी भादरलेली, स्वतःच स्वतःला झोके देत बसलेली ती मुले होती. सरकारी संस्थांत अशी एक लाखाहून अधिक मुले होती. जगाने त्यांना अनाथ म्हटले. परंतु त्यांच्यापैकी बहुतेकांचे आईबाप हयात होते.

मग ही मुले तेथे आली कशी? सन १९६६च्या ऑक्टोबरात चाउशेस्कुने हुकूम क्रमांक ७७० काढून गर्भपातावर बंदी घातली. पंचेचाळीस वर्षे ओलांडलेल्या किंवा चार मुलांना जन्म दिलेल्या स्त्रिया आणि असेच काही मोजके अपवाद तेवढे त्यातून वगळले. गर्भातील जीव पवित्र आहे म्हणून ही बंदी नव्हती. कारखान्यांना कामगार आणि राष्ट्राला मोठी लोकसंख्या हवी होती म्हणून ती होती. १९६६ साली त्या देशात सुमारे २ लाख ७४ हजार बालके जन्मली. १९६७ साली हा आकडा ५ लाख २८ हजारांच्या घरात गेला. पुढे १९८०नंतरच्या दशकात परदेशी कर्ज फेडण्यासाठी अन्नधान्य निर्यात होऊ लागले आणि घरांतील वीज व ऊब यांना कात्री लागली. ज्या राजवटीने मुले मागितली, तिने ती पोसण्याची ताकद मात्र कुटुंबांना दिली नाही. ‘तुम्हांला जमत नसेल तर मूल आमच्याकडे सोपवा,’ असाच सरकारचा एकंदर पवित्रा होता. जिवाच्या रक्षणाविषयी आस्थेने बोलणाऱ्या आपणा सर्वांना हा इतिहास अंतर्मुख करणारा आहे. जन्माला आलेल्या मुलामागे कोणी उभे राहिले नाही, तर जन्माचा गौरव पोकळ ठरतो.

या मुलांतही विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वाट्याला सर्वांत काळोखी खोली आली. तीन वर्षे वयाच्या सुमारास मुलांची तपासणी होऊन त्यांची प्रतवारी केली जाई. ‘सुधारणेपलीकडचे’ असा शेरा ज्याच्या नावापुढे पडे, त्याची रवानगी आडगावातल्या रुग्णालयवजा आश्रमात होई. मतिमंद, अपंग, अपस्मार असलेली मुले तेथे जात. पोलिओने पाय अधू झालेले मूलही त्यांच्यात लोटले जाई. हंगेरीच्या सीमेजवळील बिहोर जिल्ह्यात चिगिद येथे एका जुन्या वाड्यात असाच एक आश्रम होता. १९९० साली एका जर्मन दूरचित्रवाणी पथकाने तेथील थंडी, अंधार आणि उपासमार यांचे चित्रण केले. तेथे मरण पावलेल्या मुलांची थडगी जवळच होती.

त्यानंतर माणसांचा ओघ सुरू झाला. जर्मनी, ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स येथून दूध, औषधे, कपडे भरलेल्या मोटारी निघाल्या. त्यांच्याबरोबर परिचारिका, शिक्षक, विद्यार्थी, सुतार, गवंडी असे नाना प्रकारचे स्वयंसेवक आले. मदर तेरेसांच्या धर्मभगिनींनीही त्याच वर्षी रुमानियात आपले घर उघडले. आलेल्या लोकांनी मुलांना न्हाऊमाखू घातले, मांडीवर घेऊन भरवले, उन्हात आणले. या हातांनी प्राण वाचवले, हे निःसंशय. त्यांचे ऋण मान्य केल्याविना पुढचे काहीही बोलणे अन्यायाचे होईल.

पण पुढचे बोलणे भाग आहे. या स्वयंसेवकांना एक अनुभव वारंवार येई. दारात पाऊल टाकताच मुले धावत येत, कधीही न पाहिलेल्या पाहुण्याच्या गळ्यात पडत, हात सोडायला तयार नसत. पाहुण्याचे अंतःकरण भरून येई. ‘केवढे हे प्रेम!’ असे वाटून तो कृतार्थ होई. बालमानसाच्या अभ्यासकांनी मात्र या मिठीचा वेगळा अर्थ लावला. ज्या मुलाला स्वतःचे म्हणता येईल असे एक माणूस असते, ते परक्यापुढे बुजते, आईच्या पदराआड लपते. कोणाच्याही गळ्यात पडणारे मूल हे कोणाचेच नसलेले मूल असते. ती मिठी हे प्रेमाचे फळ नव्हते, ती भूक होती. पंधरा दिवसांनी पाहुणा निरोप घेई, नवा पाहुणा येई, आणि तुटण्याचा तोच पाठ मूल पुन्हा गिरवी.

ही भूक कशाने भागते, याचा पडताळाही रुमानियातच घेतला गेला. सन २००० मध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स व चार्ल्स झीना या अमेरिकन शास्त्रज्ञांनी बुखारेस्ट येथे १३६ बालकांचा अभ्यास आरंभला. निम्मी मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून प्रतिपालक कुटुंबांत ठेवली, निम्मी संस्थेच्या नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. घरात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा व माया लावण्याची शक्ती सुधारली. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची तर विशेष. गंभीर व्यंग असलेली मुले या अभ्यासात नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण जे धडधाकट मुलाला हवे, ते दुबळ्या मुलाला कमी हवे असे कोण म्हणेल? पुढे २००४च्या कायद्याने दोन वर्षांखालील मुलांना संस्थेत ठेवण्यास रुमानियाने बंदी घातली. त्यातून अपवाद ठेवला तो मात्र गंभीर व्यंग असलेल्या मुलांचा. सर्वांत दुबळा येथेही दाराबाहेरच राहिला.

सिगेत येथील आश्रमात वाढलेला इझिडोर रुकेल हा पोलिओग्रस्त मुलगा १९९१ साली अमेरिकेत दत्तक गेला. मोठेपणी त्याने आपल्या बालपणाविषयी पुस्तक लिहिले. आश्रमातील एका परिचारिकेने एकदा आपल्याला स्वतःच्या घरी नेले होते, ही आठवण त्याने आयुष्यभर जपली. ती परिचारिका दूरदेशीची नव्हती, तिथलीच होती. चिगिदलाही बाहेरून आलेल्या मदतीला आधार लाभला तो पावेल ओआर्चा या स्थानिक डॉक्टरांचा. त्यांनी तेथील कारभार हाती घेतला.

हा धडा जग मात्र लवकर विसरले. एकविसाव्या शतकात परदेशी जाऊन अनाथालयात सेवा करण्याला सहलीचे रूप आले. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अनाथालयांची संख्या सुमारे तीनचतुर्थांशाने वाढली, आणि तेथील चारपैकी तीन मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते. पाहुणे येतात म्हणून अनाथालये आणि अनाथालये चालावीत म्हणून मुले, असे हे उलटे चक्र होते. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या प्रकाराविषयी इशारा दिला. ख्रिस्तसभेतही विचार बदलत आहे. युगांडातील धर्मभगिनींनी २०१६ पासून आपल्या बालगृहांतील मुलांना कुटुंबांत परत नेण्याचे काम हाती घेतले आहे. ज्यांनी आश्रम उभारले, त्यांनीच मुलांसाठी घराचे दार शोधावे, यातले धैर्य मोठे आहे.

म्हणून कोणी सेवेला जाऊच नये काय? तसे नव्हे. शुश्रूषा, व्यायामोपचार किंवा विशेष शिक्षण जाणणाऱ्याने अवश्य जावे. पण तेथे कायम राहणाऱ्या मावशीला, शिक्षिकेला, आईला आपले ज्ञान द्यावे आणि मुलाची मिठी तिच्यासाठी राखून ठेवावी. संत योसेफाचा एकही शब्द शुभवर्तमानांत नोंदलेला नाही. तो बाळाजवळ राहिला, एवढेच आपल्याला ठाऊक आहे. आपल्या धर्मग्रामातून कोणी तरुण वा तरुणी अशा प्रवासाची तयारी करीत असेल, तर घरच्या वडीलधाऱ्यांनी प्रवासखर्चाची चौकशी करण्याआधी एक प्रश्न अवश्य विचारावा : तू परत निघशील त्या दिवशी त्या मुलाजवळ कोण असेल?