ज्वलन आणि वजन : एका जुन्या गैरसमजाचा इतिहास

दहावीच्या एनसीईआरटी विज्ञान पुस्तकातील पहिलीच कृती मॅग्नेशियमची फीत जाळण्याची आहे. फीत जळून पांढरी पूड उरते. पुडीचे वजन फितीपेक्षा कमी भरेल की जास्त, असे विचारल्यास बरेच विद्यार्थी 'कमी' असे उत्तर देतात. प्रत्यक्षात 24 ग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण जळाल्यास 40 ग्रॅम ऑक्साइड मिळते.

हे उत्तर निष्काळजीपणाचे म्हणता येत नाही. लाकूड, कागद, उदबत्ती जळते तेव्हा वस्तू संपताना दिसते. कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ नकळत निघून जातात. अठराव्या शतकाच्या आरंभी जर्मन रसायनज्ञ श्टाल यांनी मांडलेला फ्लॉजिस्टन सिद्धान्त याच अनुभवाशी जुळत होता. जळणाऱ्या पदार्थात फ्लॉजिस्टन असते आणि ज्वलनात ते बाहेर पडते, असे तो सांगे.

अडचण धातूंची होती. कथील किंवा शिसे तापवून होणारे भस्म मूळ धातूपेक्षा जड भरते. फ्रान्समधील जाँ रे यांनी 1630 मध्येच ही वाढ हवेमुळे होते असे लिहिले होते, पण त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. रॉबर्ट बॉइल यांनी बंद काचपात्रात कथील तापवले, पात्र उघडले आणि मग वजन केले. वजन वाढलेले होते. अग्नीचे कण काचेतून आत आले, असा निष्कर्ष त्यांनी 1673 मध्ये प्रसिद्ध केला. उघडताना आत शिरलेल्या हवेचा हिशेब राहूनच गेला. पुढे काहींनी तर फ्लॉजिस्टनचे वजन ऋण मानले!

1774 मध्ये लाव्हॉझिए यांनी हाच प्रयोग केला, पण पात्र उघडण्याआधी वजन घेतले. वजनात फरक नव्हता. उघडताच हवा आत घुसली, आणि तेव्हा वाढलेले वजन भस्माच्या वाढीशी जुळले. त्याच वर्षी प्रीस्टली यांनी पाऱ्याच्या भस्मापासून ऑक्सिजन मिळवला. मात्र त्याला ते 'फ्लॉजिस्टनविरहित हवा' म्हणत आणि 1804 मधील मृत्यूपर्यंत त्यांनी जुना सिद्धान्त सोडला नाही. पुरावा हाती असूनही धारणा टिकते, याचे हे ठळक उदाहरण.

प्रयोगशाळेतही असाच घोटाळा होऊ शकतो. फीत उघड्यावर जाळली, तर ऑक्साइडचा काही भाग पांढरा धूर होऊन उडतो, त्यामुळे वजन अपेक्षेपेक्षा कमी भरते आणि गैरसमजाला आधार मिळतो. म्हणून झाकणाची मूस वापरतात. हवा मिळावी एवढ्यापुरते झाकण अधूनमधून किंचित उचलतात.