दाभोळ : खाडीकाठचं विसरलेलं बंदर

मागच्या हिवाळ्यात आम्ही चार शिक्षक मित्रांनी दाभोळला खाडीकाठच्या एका वाडीत, मालकाला विचारून, तंबू ठोकला. भिवंडीच्या यंत्रमागांची सवय झालेल्या कानांना तिथल्या शांततेत झोप लागेना. वाळत घातलेली जाळी, सुकटीचा वास, धोपाव्याला जाणारी फेरीबोट. दाभोळ आज एवढंच दिसतं.

नाव घेतलं की लोकांना एन्रॉन आठवतं. खरं तर तो प्रकल्प खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात. एका दिवाळखोर कंपनीने गावाचं नाव पळवलं आणि त्यामागचा सगळा इतिहास झाकून टाकला!

वाशिष्ठीच्या मुखावरचं हे बहमनी सल्तनतीचं मोठं बंदर. इराणच्या गिलान प्रांतातला व्यापारी महमूद गवान १४५३च्या सुमारास इथे उतरला. पुढे तो बिदरचा वजीर झाला, तिथे त्याने मदरसा बांधला. रशियन प्रवासी अफनासी निकितिन हिंदुस्थान सोडताना इथूनच जहाजात बसला. अरबस्तानचे घोडे इथे उतरत, दख्खनचं कापड इथून चढे. आदिलशाहीत हाजींची जहाजंही याच बंदरातून सुटत.

मग १५०८ साल आलं. त्या वर्षी चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा मारला गेला. मारणारं आरमार इजिप्त आणि गुजरातचं. सूड मात्र डिसेंबरअखेरीस दाभोळवर उगवला गेला. शहर जाळलं. कापताना बाईमाणूस, लेकरू पाहिलं नाही आणि कुणाचा धर्मही विचारला नाही. दाभोळ त्यानंतरही उठलं, पण समुद्रावर आता पोर्तुगीजांचे परवाने चालत होते. हळूहळू व्यापार सुरत-राजापूरकडे, शेवटी मुंबईकडे गेला.

किनाऱ्याजवळ माडांच्या गर्दीत आदिलशाही काळातली दगडी मशीद उभी आहे. एक मोठा घुमट, कोपऱ्यांवर चार मिनार. हजला निघालेली बिजापूरची शहजादी आयेशाबी इथे अडकली आणि सफरीसाठी आणलेला पैसा तिने या मशिदीला लावला, असं गावात सांगतात. दंतकथा असेल. पण माणसं तीच कथा का जपतात, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

माझ्या वर्गातल्या कोकणी मुसलमान मुलांना कुणी 'तुम्ही बाहेरचे' म्हटलं, की ती गप्प होतात. त्यांच्या डोक्यात आपला इतिहास म्हणजे फक्त बादशहा आणि तलवारी. नाखवे, खलाशी, घोड्यांचे सौदागर, कापडवाले त्यांना कुणी दाखवलेच नाहीत. ज्यांचे पणजोबा याच किनाऱ्यावर जाळी विणत होते, त्यांनी बाहेरचे असल्याचा खुलासा कुणाला आणि का द्यायचा?

आमची भिवंडीही एकेकाळी खाडीवरचं बंदर होती, हेसुद्धा मुलांना ठाऊक नसतं. या जानेवारीत नववीच्या वर्गाला दाभोळला न्यायचं म्हणतोय. फेरीबोटीतून, मशीद आधी नदीतून दिसेल अशा बेताने.