कुकडी-घोड खोऱ्यांतील दोन राखा

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगरात भात-नाचणीच्या रोपांची जागा उन्हाळ्यात भाजून काढण्याची प्रथा फार जुनी आहे. शेण, ऐनासारख्या झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा व गवत यांचे थर देऊन वर माती पसरावयाची आणि ते सावकाश जाळावयाचे, हा राब होय. वनखात्यास त्यात केवळ जंगलाचा नाश दिसला. १८७८ च्या वनकायद्यानंतर हा तंटा घाटाखाली इतका वाढला की, ठाणे-कुलाब्यातील गाऱ्हाण्यांसाठी १८८५ साली मुंबई सरकारने वन-आयोग नेमला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर यांच्यासह १९१२ मध्ये राबावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात मात्र ही प्रथा अडाणीपणा म्हणून निकालात न काढता राखेचे व उष्णतेचे कार्य वेगवेगळे तपासले आहे.

या राखेत पोटॅशियम असते. मुळांनी खोलवरून ओढलेले ते पानांत साठते, पानगळीने वा राबाने मातीत परतते व पुन्हा मुळांत शिरते. हा धातू अल्पांशाने किरणोत्सर्गी आहे, हे केंब्रिजच्या कॅम्पबेल व वुड यांनी १९०६ च्या सुमारास दाखविले. पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत साधारण एक अणू पोटॅशियम-४० चा असतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे. हा किरणोत्सर्ग निसर्गाचाच असून भिण्याजोगा नाही.

वृक्षाला किरणोत्सर्ग कळत नाही. त्याला कळते ते रासायनिक नाते. म्हणूनच १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर तेथील वनांत सीझियम पोटॅशियमच्या वाटेने फिरू लागले. युरेनियमच्या सोडलेल्या खाणींवरील झाडांतही हेच घडते: युरेनियम बहुतांशी मुळांशीच अडते, तर कॅल्शियमचे सगोत्र असलेले रेडियम पानांपर्यंत चढून पाचोळ्याबरोबर भूपृष्ठावर येते. जुन्नर-आंबेगावात अशी खाण नाही. परंतु त्या चक्राचा निरुपद्रवी नमुना प्रत्येक राबात आहे.

दुसरी राख ज्वालामुखीची. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी येथे नदीच्या गाळात तिचा थर सापडला आणि त्याच परिसरात अश्यूलियन हातकुऱ्हाडीही मिळाल्या. पोटॅशियम-४० च्या क्षयातून सुमारे दशांश भाग आर्गॉन वायू होतो. तो कणांत कोंडून राहिला, तर राखेचे वय काढता येते. या रीतीने १९८९ मध्ये वय सुमारे १४ लाख वर्षे आले. १९९५ मध्ये आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने ते ६.७ लाखांवर उतरले. त्याच दशकात राखेतील काचेची घटना पाहून इतर संशोधकांनी ती सुमात्रातील टोबाच्या शेवटच्या महास्फोटाची, म्हणजे अवघी ७५ हजार वर्षांची ठरविली.

हा फरक केवळ आकड्यांचा नव्हे. भारतातील मानवाच्या प्राचीनतेचा एक मोठा दावा त्यावर उभा होता. मोजणाऱ्यांचे कौशल्य येथे उणे नव्हते. अडचण नदीच्या गाळाची आहे. राख वाहून येताना सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनी काळ्या पाषाणाचे थोडे कण जरी तीत मिसळले, तरी त्यांतील जुना आर्गॉन वय फुगवितो. शिवाय वाहत्या पाण्याने राख एकदा उचलून पुन्हा टाकली असेल, तर स्फोटाचे वय अचूक ठरूनही थराचे व त्यातील हातकुऱ्हाडींचे वय ठरत नाही.