धोंडू, केरू आणि नकुशी : अमंगल बालनामांचा विचार

जुनीं दप्तरें, वंशावळी व जन्मटिपणें चाळणाऱ्या प्रत्येकास एक अनुभव हटकून येतो. गणेश, रामचंद्र, विठ्ठल अशा देवनामांच्या रांगेंत मध्येंच एखादा धोंडू, दगडू, केरू, कचरू, उकिरडा, भिकू किंवा नथू उभा असलेला दिसतो. पोटच्या पोरास केराचें वा धोंड्याचें नांव कोणी कां ठेवावें, असा प्रश्न क्षणभर मनांत येतो आणि वाचक पुढच्या ओळीकडे वळतो. नकलकार तर कधीं कधीं त्याच्याहि पुढें जातो. तो त्या नांवाचें शुद्धीकरण करतो, आणि धोंडूचा धुंडिराज होऊन बसतो. अशीं नांवें हंसण्यावारीं नेण्याजोगीं नाहींत व सुधारण्याजोगींहि नाहींत, तीं स्वतःच एक प्रकारचें अस्सल साधन आहेत, असें दाखविण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम शास्त्र काय सांगतें तें पाहूं. आश्वलायन गृह्यसूत्राप्रमाणें मुलाच्या नांवांत सम व मुलीच्या नांवांत विषम अक्षरें असावीं. शिवाय अभिवादनाच्या वेळीं उच्चारावयाचें एक निराळें नांव ठेवून तें उपनयनापर्यंत केवळ मातापित्यांसच ठाऊक असावें, असेंहि तेथें सांगितलें आहे. खरें नांव झांकून ठेवावें ही कल्पना ह्यावरून किती जुनी आहे तें ध्यानांत येईल. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत ब्राह्मणाचें नांव मंगलवाचक, क्षत्रियाचें बलवाचक, वैश्याचें धनवाचक व शूद्राचें निंदावाचक असावें अशी वांटणी आहे. हिच्या आधारें हीन अर्थाचें नांव दिसतांच त्याचा धनी हीन मानलेल्या जातीचा असावा, असें अनुमान कांहीं अभ्यासक करतात. तें निराधार आहे. दुसऱ्या बाजीरावानें इ. स. १८२७ मध्यें दत्तक घेतलेले नानासाहेब पेशवे हे धोंडोपंत होते. गणिती केरो लक्ष्मण छत्रे (१८२४–१८८४) हे केरूनाना म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहेत. विष्णुबावा ब्रह्मचारी यांच्या वडिलांचें नांव भिकाजी होतें. ह्यांपैकीं प्रत्येकाचें नांव कोणत्या कारणानें पडलें हा प्रश्न वेगळा. पण नांवावरून जात ठरवूं पाहणारा येथें फसेल हें उघड आहे.

मग हीं नांवें आलीं कोठून? ज्या घरांत एकामागून एक मुलें दगावत, तेथें पुढचें मूल जगावें म्हणून त्यास मुद्दाम तुच्छ नांव देत. मृत्यूची, सटवीची किंवा दृष्ट लावणाराची नजर मोलाच्या वस्तूकडे वळते, केराकडे वळत नाहीं, ही त्यामागची समजूत. ह्या नांवांच्या मागें पुष्कळदां आचारहि असे. मूल केरांत किंवा उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचलीत, म्हणून तें केरू, कचरू किंवा उकिरडा. त्याच्या नांवानें पांच घरीं भीक मागत, म्हणून तें भिकू. मुलाचें नाक टोंचून त्यास मुलीप्रमाणें वाढवीत, म्हणून तें नथू. मोहरमांत हिंदु आईबापहि नवसानें मुलास फकीर करीत, म्हणून तें फकीरा. तामिळ देशांतील कुप्पुस्वामी ह्या नांवांत कुप्पै म्हणजे केर आहे, पिच्चै म्हणजे भिक्षा. हस्तलिखितांच्या संग्राहकांस वंदनीय असलेले मद्रासचे पंडित कुप्पुस्वामी शास्त्री (१८८०–१९४३) ह्यांचें नांव ह्याच कुळांतलें होय. बंगाल्यांत तीनकडि व पांचकडि हीं नांवें आहेत. तितक्या कवड्यांस मूल दुसऱ्यास विकल्याचा देखावा करावयाचा आणि मग तेंच वाढवावयाचें.

विसाव्या शतकाच्या आरंभींच्या सरकारी नोंदींप्रमाणें हिंदुस्थानांत जन्मणाऱ्या दर हजार अर्भकांपैकीं सुमारें दोनशें वर्षाच्या आंत दगावत. हा आंकडा डोळ्यांपुढें ठेवून दप्तरांतला केरू वाचावा. त्याच्या आधीं जन्मून गेलेल्या भावंडांची नोंद वंशावळींत नसते. कारण वंशावळ वाढलेल्या पुरुषांची असते. त्या निनांवी मुलांचा माग लागलाच तर तो ह्या एका वेड्यावांकड्या नांवांत लागतो. नकलकारानें केरूचें कांहीं भलतेंच गोंडस नांव केलें म्हणजे हा मागहि पुसला जातो.

तथापि घाईहि करूं नये. धोंडू ह्या एका नांवाचे तीन उगम संभवतात. दगड ह्या अर्थाचा धोंडा हा एक. अधिक मासास आपण धोंड्याचा महिना म्हणतों, तेव्हां त्या महिन्यांतला जन्म हा दुसरा. आणि धुंडिराज ह्या गणेशनामाचें बोलींतलें रूप हा तिसरा. जन्मतिथि उपलब्ध असेल तर अधिक मासाचा संभव पंचांगावरून पडताळतां येतो. वडील भावंडांची माहिती असेल तर पहिल्या उगमाचा संभव तपासतां येतो. दोन्ही नसतील तर निर्णय देऊं नये. शिवाय, अस्पृश्य व शूद्र मानलेल्या जातींवर वरील स्मृतिनियमाच्या बळावर हीन नांवें लादलींहि गेलीं, हें विसरून चालणार नाहीं. एकच दगडू एका घरीं आईच्या भीतीनें ठेवलेला असेल, तर दुसरीकडे गांवाच्या दंडेलीनें.

नांवाची लाज वाटणें व तें बदलावेंसें वाटणें हेंहि जुनेंच आहे. पालि जातकांतील ९७ व्या, नामसिद्धि नांवाच्या कथेंत पापक नांवाचा तक्षशिलेचा एक शिष्य चांगलें नांव शोधावयास निघतो. त्यास वाटेंत जीवक मेलेला दिसतो, धनपाली दारिद्र्यानें मार खात असतांना भेटते आणि पंथक वाट चुकलेला आढळतो. तेव्हां तो आपलें नांव घेऊन परत येतो. आपल्याकडील ठणठणपाळाच्या गोष्टींत अमरसिंग मरतो, धनपाळ भीक मागतो आणि लक्ष्मी गोवऱ्या वेंचते. दोन्ही कथांचा सांगाडा एकच आहे. नांवानें कांहीं बिघडत नाहीं, हें दोहोंचें तात्पर्य.

परंतु हें तात्पर्य मुलींच्या एका नांवापुढें टिकत नाहीं. मुलींसहि दगडाबाई, धोंडूबाई, केराबाई अशीं नांवें ठेवीत. तीं मुलग्यांच्या नांवांसारखींच रक्षणार्थ असूं शकतात. नकुशी, नकुसा हीं नांवें मात्र त्यांच्यासारखीं दिसलीं तरी त्यांच्या जातीचीं नव्हेत. व्याकरणदृष्ट्या पाहतां दगड, केर, धोंडा हीं वस्तूंचीं नांवें होत. तेथें मुलास तुच्छ वस्तु म्हणून लपविलें आहे. नकोशी ह्या विशेषणांत मात्र बोलणाऱ्याची इच्छा आहे. केरू म्हणणाऱ्या आईस तो केरू हवाच असतो. नकुशी म्हणणाऱ्या घरास पुढचा मुलगा हवा असतो. बंगाल्यांतील आन्नाकाली, म्हणजे 'हे काली, आणखी नको', आणि तामिळ देशांतील वेण्डाम्, म्हणजे 'नको', हीं नांवें ह्याच वर्गांतलीं.

प्रस्तुत लेखकानें शिक्षक असतांना एका वर्षीं हजेरींत असें एक नांव रोज पुकारलें. उत्तर नेहमीं खालच्या मानेनें येई. नाम्नां व्युत्पत्ति शिकविणाऱ्यास त्या नांवाचा अर्थ कळत नव्हता असें नाहीं. विचारावें असें मात्र वर्षभरांत एकदांहि सुचलें नाहीं. पुढें सातारा जिल्ह्यांत २२ ऑक्टोबर २०११ रोजीं अशा नांवांच्या २८५ मुलींनीं समारंभपूर्वक नवीं नांवें घेतलीं, ती वार्ता वाचतांना ती खालीं घातलेली मान आठवली.

येथें संशोधकापुढें एक अडचण उभी राहते. जुनें नांव पुसूं नये, असें आपण वर म्हटलें; आणि ह्या मुलींनीं तें पुसलें हें तर योग्यच झालें. ऐतरेय ब्राह्मणांतील एक कथा ह्या बाबतींत मार्ग दाखविते. अजीगर्ताचे तीन पुत्र, शुनःपुच्छ, शुनःशेप व शुनोलांगूल. तिन्ही नांवें कुत्र्याच्या अवयवांचीं. वडिलानें थोरला राखला, आईनें धाकटा राखला, आणि मधला शुनःशेप शंभर गाईंस यज्ञांत बळी देण्यासाठीं विकला गेला. तो सुटल्यावर विश्वामित्रानें त्यास पुत्र मानलें व तो देवरात, म्हणजे देवानें दिलेला, झाला. ब्राह्मणानें दोन्ही नांवें जतन केलीं. शुनःशेप गाळलें असतें तर बापानें काय केलें तें आपणांस कळलें नसतें. देवरात गाळलें असतें तर त्या मुलाचें पुढें काय झालें तें कळलें नसतें.

म्हणून विनंति अशी. जिवंत माणसाचें टाकलेलें नांव त्याच्या इच्छेविरुद्ध कोणीं छापूं नये. त्यांची केवळ संख्या, गांव व भावंडांतील क्रम नोंदवावा. गत पिढ्यांचीं नांवें मात्र कागदांत असतील तशींच, ऱ्हस्वदीर्घासह उतरून घ्यावीं, व शुद्ध रूप सुचवावयाचें झाल्यास तें टीपेंत द्यावें. वंशावळींत स्त्रिया बहुधा नसतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळींत त्या पुष्कळदां सांपडतात. त्या वह्या जीर्ण होण्यापूर्वीं पाहिल्या पाहिजेत. कोंकणच्या लोकाचारांचीं जॅक्सन यांनीं जमविलेलीं व एन्थोवेन यांनीं १९१५ मध्यें प्रसिद्ध केलेलीं टिपणें मोठ्या प्रमाणांत खेड्यांतील शिक्षकांच्या उत्तरांवरून तयार झालीं होतीं. आमच्या पिढीच्या शिक्षकांनीं हजेरीपटांवर तीं नांवें रोज वाचलीं. तेव्हां न विचारलेला प्रश्न आतां तरी विचारला पाहिजे.